ओल्या कोळशाचं वजन

अप्पा, उद्या सकाळी नऊ वाजता तुमची चौकट मला सुरू करायची आहे. तुम्ही नसताना. हे लिहितानाही माझा हात मधेच थांबतोय. तुम्ही म्हणाला असता, "थांबला तर थांबू दे, माय. काच हाय ती. तिला घाई चालत न्हाई."

सरांनी मला रसायनशास्त्र विभागाच्या भित्तिपत्रकासाठी तुमच्यावर एक पान लिहायला सांगितलं. अप्पांची प्रयोगशाळेतली नोकरी किती वर्षं झाली, मूळ गाव कुठलं, ते कार्यालयातून विचारून घ्या म्हणाले. मी कार्यालयाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. ती माहिती लिहून मी सुटले असते आणि जे सांगायचं आहे ते पुन्हा राहिलं असतं. एकदा राहिलंच आहे. म्हणून हे पान मी तुम्हालाच लिहिते. भिंतीपुढे उभं राहून बाकीच्यांना वाचायचं असेल तर वाचू देत.

तुम्हाला चौकट म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. पण पहिल्या वर्षाची मुलं तिला लांबूनच बघून जातात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. मागच्या खोलीच्या भिंतीवर लोखंडी पट्ट्यांची एक चौकट आहे. तिच्यावर काचेच्या नळ्या, काचेचे फुगे, काचेच्या तोट्या, आणि दाब मोजायला पाऱ्याची उभी नळी. खाली पाऱ्याचा पंप, शेगडीवर पारा उकळवून हवा ओढणारा. कोळशाच्या कणात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. चौकटीवर आधी त्या भोकांतली हवा आणि ओल ओढून काढायची, मग कोळशाची नळी द्रवरूप नायट्रोजनच्या थर्मासात बुडवून गार करायची आणि थोडा थोडा वायू आत सोडायचा. भोकांच्या भिंतींना किती वायू चिकटला ते कळलं, की आत जागा किती ते कळतं. एवढंच. हे "एवढंच" शिकायला मला सहा महिने लागले, आणि अजून शिकले म्हणायची हिंमत नाही.

तुम्ही दोन वाक्यांत सांगितलं होतं. चिमटीत कोळसा धरून म्हणालात, "हे बग. यात पाच-सात गुंठे रान हाय."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "पुस्तकात बग जा. मला इंग्रजी येत न्हाई, पण आकडा पाठ हाय."

मी बघितलं. आकडा बरोबर होता. आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. माझे बाबा अहमदपूरच्या मोंढ्यात मापाडी आहेत, दिवसभर दुसऱ्यांचं धान्य काट्यावर तोलतात. त्या दिवशी वसतिगृहावर जाताना माझ्या बोटांना कोळसा लागला होता आणि मी तो बराच वेळ धुतला नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात. "भ्या वाटतं का?"

मी खाली मान घालून हो म्हणाले. वाटलं, आता म्हणतील, मग दुसरा विषय घे. पण तुम्ही तुमचं स्टूल माझ्याकडे सरकवलंत. "मग बस. ज्याला भ्या वाटत न्हाई त्याला मी इथं हात लावू देत न्हाई." आणि डाव्या भुवईवरचा व्रण दाखवलात. तरुणपणी गार नळीत कुठून तरी हवा शिरली होती, तिचं पाणी झालं होतं, आणि तुम्ही तोटी बंद ठेवूनच थर्मास खाली घेतला होता. ऊब लागताच त्या पाण्याची पुन्हा हवा झाली आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. "काच फुटल्याचा आवाज आला न्हाई मला," तुम्ही म्हणालात. "दिसायचं बंद झालं, तवा कळलं. रगत हुतं डोळ्यावर."

थर्मास काढायच्या आधी तोटी उघडी. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे, तरी एकदा विसरले. तुम्ही माझं मनगट धरलंत. ओरडला नाहीत. मनगट धरून ठेवलंत, दुसऱ्या हाताने तोटी उघडलीत, मग मनगट सोडलंत. तुम्ही काच पुसायला लागलात. काही बोलला नाहीत म्हणून मी तुमची आभारी होते, आणि आज मला वाटतं, त्या दिवशी तुम्ही मला बोलायला हवं होतं. मग चूक झाल्यावर बोलायचं असतं हे तरी मी शिकले असते. पण हाही दोष मी तुमच्यावरच ढकलते आहे.

नायट्रोजन कुठून येतो हे मी घरी सांगितलं तेव्हा आई कितीतरी वेळ हसत होती. जनावरांच्या दवाखान्यातून. तिथे वळूंचं बीज गोठवून ठेवायला तो लागतो, मोठ्या भांड्यात भरून गाडी येते. सरांनी कुठे कुठे अर्ज केले, त्यांची उत्तरं आली नाहीत. तुम्ही एक दिवस थर्मास घेऊन कंपाउंडरकडे गेलात, चहा प्यालात आणि भरून आणलात. तेव्हापासून असंच चाललंय. दुष्काळाच्या या दोन वर्षांत तर तो उरतोच. चारा नाही, गायी छावणीत हाडं मोजत उभ्या, माजावर येतच नाहीत. तुम्ही थर्मास टेबलावर ठेवून म्हणायचात, "गाय उपाशी, म्हणून आपलं काम चालून राहिलंय. हे ध्यानात ठेवून काम कर."

आणि लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून गाडीची वाट बदलली. आधी लातूर, मग इकडे, तीही पंधरा दिवसांतून एकदा. दवाखान्यात यावरून तुमची थट्टा व्हायची. "अप्पा, तुमच्या नव्या जिल्ह्यानं आमचा नायट्रोजन पळवला की." तुम्ही निलंग्याकडचे, म्हणून त्या नव्या जिल्ह्याचं सगळं बरंवाईट तुमच्या माथी. तुम्ही ते आनंदाने घ्यायचात. "आमचा जिल्हा लहान लेकरू हाय. लेकराला आधी वाढावं लागतंय."

आपलं भांडणही त्या जिल्ह्यावरूनच होतं. तिथे पाणी तपासायची प्रयोगशाळा निघणार, केमिस्ट लागणार, हे तुम्ही कुठून तरी ऐकून आलात आणि माझ्या मागे लागलात. मला पुढे शिकायचं होतं. मी म्हणाले, माझ्या कोळशाचे आकडे चांगले आले तर सर मला पुढे घेतील. तुम्ही म्हणालात, "आधी बसायला खुर्ची घे. मग शिक जन्मभर." मी चिडून म्हणाले, तुम्ही तर स्टुलावर बसून सगळं शिकलात. "म्हणून तर सांगून राहिलो," म्हणालात, आणि ग्रीसची डबी शोधायला लागलात. ते भांडण तिथेच आहे. जाहिरात अजून आलेली नाही. आली तर मी काय करेन, मला माहीत नाही. तेव्हा कुणाशी भांडू, तेही माहीत नाही.

आता पाण्याचं लिहायला पाहिजे. मी मघापासून तेच टाळते आहे.

पाऱ्याच्या पंपाभोवती सतत गार पाणी फिरावं लागतं. ते थांबलं, तर पाऱ्याची वाफ चौकटीत शिरते, मग खोलीत येते. विभागाच्या नळाला मार्गशीर्षापासून पाणी नाही. तुम्ही दोन पिंपं मांडलीत. एक गच्चीवर, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं. एक खाली मागच्या ओसरीत. वरच्या पिंपातून रबरी नळी खिडकीतून आत येते, पाणी पंपाला वळसा घालून खालच्या पिंपात पडतं. तेच पाणी बादलीने पुन्हा वर न्यायचं. पाणी वर चढवणारी छोटी मोटर जळाली होती आणि नव्या मोटरीचा कागद कुठल्यातरी टेबलावर होता. मी म्हणायचे, अप्पा, मी आणते बादली. तुम्ही म्हणायचात, "तू पाऱ्यावरची नजर काढू नको. तुझं काम ते, माझं हे." एक बादली गेली की जिन्याच्या दारावर खडूची एक रेघ.

काम सुरू करताना वरून तुमची हाक यायची, "पाणी सोडू का?"

मी म्हणायचे, "सोडा, अप्पा."

मग मी खालच्या पिंपावरच्या नळीच्या तोंडाशी उभी राहायचे. पाणी पडायला लागलं की ओरडायचं, "आलं." तुम्ही वरून म्हणायचात, "साकु." तुमच्या कानडीतलं बस, पुरे. तुम्ही मला बजावलं होतं, "डोळ्यानं बगितल्याबिगर आलं म्हणायचं न्हाई. येतच आसंल, असं न्हाई. आलेलं बगायचं, मग म्हणायचं." माझं "आलं" ऐकल्याशिवाय तुम्ही कधी पंपाखालची शेगडी लावू दिली नाहीत. माझ्या एका शब्दावर एवढं अवलंबून असायचं, असं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही.

गुरुवारी मी ते सगळं मोडलं.

माझा कोळसा शेंगांच्या टरफलांचा. अहमदपूरच्या तेलाच्या गिरणीतून बाबांनी पोतंभर पाठवली होती. साध्या कोळशाचे आकडे आपण पूर्वीच घेतले होते. आता वाफ दिलेला कोळसा होता, त्याच्यात जागा पुष्कळ जास्त निघायला हवी होती. माझ्या एम.एस्सी.च्या सगळ्या प्रबंधाचा जीव त्यात होता. बुधवारी मी कोळसा तोलून नळीत भरला आणि दिवसभर तापवून त्याची ओल ओढून काढली. गुरुवारी सकाळी नळीची तोटी बंद करून ती काढायची, पुन्हा तोलायची, मग लावायची. कोरड्या कोळशाचं वजन, तेच खरं वजन. हे मला माहीत होतं, अप्पा. कोळसा हवेतली ओल पिऊन बसलेला असतो, हे मी तोंडी परीक्षेत झोपेतही सांगेन.

मी ते वजन केलं नाही. विसरले, असं मी चार दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. नळी काढायची मला भीती वाटली. तुम्ही स्वतः फुंकलेल्या नळ्यांमधली ती शेवटची धड नळी होती. माझ्या हातून पडली तर? वरून तुमची हाक आली, "पाणी सोडू का?" आणि मी नळीकडे बघत म्हणाले, "सोडा, अप्पा." मनात म्हणाले, बुधवारचं वजन आहेच की. फरक असून असून किती असणार.

दुपारी बारापर्यंत चार आकडे आले. मी तिथेच बसून आलेख काढला. वाफ दिलेल्या कोळशात साध्या कोळशापेक्षा जागा कमी निघत होती. मी पुन्हा भागाकार केला. तेच आलं. मग मला कळलं, की मी ज्या वजनाने भागते आहे त्यात ओल आहे. मी ओल्या मालाचं वजन धरून बसले होते. मी, मापाड्याची मुलगी.

त्या वेळी दारावर रेघा किती होत्या ते मी मोजलं. सतरा.

तुम्ही बादली घेऊन दारातून गेलात. सदरा पाठीला चिकटलेला. गळ्यातली इष्टलिंगाची डबी डाव्या हाताने सांभाळून धरलेली. "कसं चाललंय, माय?" तुम्ही विचारलंत.

मी म्हणाले, "बरं चाललंय."

मला वाटलं, आता सांगितलं तर या सतरा बादल्यांचं काय. अठरावी वर गेली, तेव्हा वाटलं, आता तर सांगताच येणार नाही. प्रत्येक रेघेबरोबर ते जास्त अवघड होत गेलं. मी पाऱ्यावर नजर ठेवून आकडे लिहीत राहिले. चार वाजेपर्यंत. माझं अक्षर त्या पानावर फार सुंदर आहे, अप्पा. एवढं नीट मी कधीच लिहिलेलं नाही.

शेवटची रेघ एकेचाळिसावी.

तुम्ही पंप थांबवलात. मी तोटी उघडली आणि थर्मास खाली घेतला, तेवढं बरोबर केलं. उरलेला नायट्रोजन दवाखाना बंद व्हायच्या आत परत द्यायचा होता. कंपाउंडरला तुम्ही तसा शब्द दिला होता. थर्मास उचलून दारात गेलात आणि मागे वळून म्हणालात, "नळी धुवायची घाई करू नको."

मला वाटलं, पाणी वाचवायला सांगताय. म्हणजे मी तसं वाटून घेतलं.

तुम्ही सायकलवरून फाटकाबाहेर पडलेले मी खिडकीतून बघितलं. मग नळीतला कोळसा बाटलीत ओतला, बाकीच्या कोळशात मिसळून टाकला. खालच्या पिंपातून पेलाभर पाणी घेतलं आणि नळी धुतली. धुतलेल्या नळीला कुणी काही विचारत नाही.

शुक्रवारी सकाळी तुम्ही अंघोळ करून पूजेला बसलात आणि लिंग तळहातावर घेतल्यावर उठलाच नाहीत. आम्हाला पहिल्या तासाला कळलं. दुपारी तुम्हाला नेलं, तुमच्या लिंगायत रीतीने खुर्चीत बसवून. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूची माळ. आमच्यात अग्नी देतात. मी मातीत बसवलेला माणूस प्रथमच बघितला. मुली लांब उभ्या होत्या. मला तेवढ्या लांबून तुमची भुवई दिसत होती आणि मी मनात एकच गोष्ट म्हणत होते. एकेचाळीस. एकेचाळीस. कुणी माझ्याकडे बघितलं तर कळेल, असं वाटत होतं. कुणी बघितलं नाही.

रविवारी मी तुमच्या घरी गेले. काकूंच्या पाया पडले. खोलीत तुमची सायकल उभी होती. काकूंना आधीच सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते, आणि जिभेवर आलं ते भलतंच. मी विचारलं, "काकू, अप्पांना आधी काही त्रास होता का?"

"छातीत दुखायचं की, दोन वर्सं झाली," काकू म्हणाल्या. "कुणाला कळू दिलं न्हाई. कळलं तर चौकटीवरनं काढून कार्यालयात बसवतील म्हणायचे. कागद पुसत बसू का तिथं?"

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं का? मला नाही वाटलं. दुखणाऱ्या छातीने बादल्या वाहिल्यात, एवढंच त्यातून कळलं.

मग काकूंनीच विचारलं, "ती कोळशाच्या नळीवाली पोरगी, ती तूच का?"

मी मान हलवली.

"गुरुवारी जेवताना हसून राहिले हुते. म्हणले, पोरीनं ओला कोळसा तोललाय, वाळल्यावर पुन्हा तोललाच न्हाई. दुपारच्यालाच कळलंय तिला, तोंड एवढंसं झालंय. मी म्हणलं, मग बोललाव का न्हाई? बादल्या कशापायी वाहिल्या? तर म्हणले, सांगंल की. तिचं तिनं सांगितलं तर जन्मात इसरणार न्हाई. नळी धुऊ नको म्हणून आलोय. सकाळच्याला गेलो की तोलून घीन, धा मिनिटांचं काम. धा मिनिटांत समदं दुरुस्त."

काकू पदराने तोंड पुसत होत्या. मी उठले. चपला उलट्या घातल्या ते रस्त्यात कळलं.

धा मिनिटांचं काम, अप्पा. नळी जशी होती तशी ठेवली असती, तर सकाळी कोरडा कोळसा तोलता आला असता. एकेचाळीस बादल्यांचा एक थेंबही वाया गेला नसता. चुकीने काही बिघडलं नव्हतं. मी धुतल्याने बिघडलं. आणि तुम्ही नळी तिथे आहे असं समजून झोपलात. माझ्यावर भरवसा ठेवून झोपलात. मला रात्रंदिवस भीती वाटते ती याचीच. पाऱ्याची वाफ, फुटणारी काच, त्यांचं भय तुम्ही मला शिकवलं, त्यावर काय करायचं तेही शिकवलं. या भीतीवर कुठली तोटी उघडायची ते तुम्ही सांगितलेलं नाही.

आज सकाळी मी सरांना सांगितलं. उभं राहून, एका दमात, वजनापासून नळी धुतल्यापर्यंत. सरांनी माझी वही ओढून घेतली आणि आकडे बघितले. मग म्हणाले, "ओलीचा अंदाज धरून वजन कमी करता येईल. परीक्षेपुरतं चालून जाईल. प्रबंध द्यायला दहा दिवस राहिलेत तुमचे."

मला हो म्हणायचं होतं. खरंच. किती सोपं झालं असतं.

मी म्हणाले, "नको सर. पुन्हा घेते."

"चौकट कोण चालवणार?"

"मी."

"आणि पाणी?"

ते मी आधीच केलं होतं. काल तुमच्या घरून निघाल्यावर बसस्थानकावर गेले आणि अहमदपूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे बाबांसाठी चिठ्ठी दिली. नायट्रोजन मागायला मात्र आज दुपारी गेले. कंपाउंडरने थर्मास लगेच ओळखला. "अप्पांची लेक का तुमी?"

"नाही. विभागातली आहे."

"मंग तेच की," तो म्हणाला आणि भरायला घेतलं. "गाडी आता पंधरा दिवसांनी. सांडू नका. वळूंच्या तोंडचं हाय." भरून झाल्यावर झाकण लावत म्हणाला, "चहा घ्या. अप्पा घेतल्याबिगर जात नव्हते." मी चहा घेतला.

बाबा चारच्या गाडीने आले. मोंढा ओस पडला आहे, तोलायला माल नाही, म्हणून आले असं म्हणाले. कॉलेजात ते पहिल्यांदाच येत होते. चपला पायरीखाली काढून ठेवायला लागले. मी नको म्हणाले तरी ठेवल्याच. मी त्यांना चौकटीपुढे उभं करून सगळं सांगितलं. त्यांनी नळ्यांना हात लावला नाही. हात मागे बांधून ऐकत होते.

"ओला माल तोललीस व्हय," शेवटी म्हणाले.

"हो, बाबा."

"पंचवीस वर्सं काट्यावर हाय मी. ओला माल मूठ घालून कळतोय मला. मग हे घरात कसं आलं?" रागाने नाही म्हणाले. खरोखर विचारत होते. मग जिन्याच्या दाराशी गेले आणि खडूच्या रेघा बोटाने मोजायला लागले. एकेचाळिसावर बोट थांबलं. त्यांना बादलीचं वजन कळतं. पायऱ्या कळतात. ते जिन्याकडे वर बघत राहिले.

"एकट्यानं?"

"एकट्यांनी."

"वय काय हुतं?"

मी सांगितलं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "या रेघा पुसू नकोस," म्हणाले. "माझ्या मी शेजारी वडतो."

मी त्यांना हाक शिकवली. पाणी सोडू का, असं विचारायचं, मी आलं म्हणेपर्यंत थांबायचं, मग खाली यायचं. "साकु" शिकवलं नाही. ते तुमचंच राहू दे.

तुमचं स्टूल चौकटीसमोरच आहे. मी त्याच्यावर बसलेले नाही. आधी रिकामी नळी तोलली. मग तिच्यात कोळसा भरून तो आज दिवसभर तापवला आहे; ओल ओढायला साधा विजेचा पंप पुरतो, त्याला पाणी लागत नाही. उद्या सकाळी तोटी बंद करून नळी काढेन, दोन्ही हातांनी धरेन आणि काट्यापर्यंत सात पावलं चालेन. पडली तर पडेल. पडली तर पडली म्हणेन.

मग बाबा गच्चीवरून विचारतील. त्यांना उत्तर द्यायच्या आधी मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि ते मनात म्हणून भागणार नाही. खोलीत दुसरं कुणी असलं तरी मी स्टुलाकडे तोंड करून मोठ्याने म्हणणार आहे. अप्पा, कोळसा ओला होता. दुपारी मला कळलं होतं. तुम्ही नको म्हणालात तरी नळी मी धुतली.

त्यानंतर पिंपावरच्या नळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहीन. पाणी डोळ्यांनी बघेन. मगच आलं म्हणेन.